विकासाचा ताळेबंद आणि पाण्याचे मुद्दल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निलंगा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रथम ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन करतो. एखादी संस्था पन्नास वर्षे चालते तेव्हा तिच्या मागे वही चोख ठेवणारे, पहाटे येऊन दार उघडणारे आणि कोठेही नाव न लावता खर्च सोसणारे अनेक हात असतात. त्या सर्वांना वंदन करून मी विषयाकडे वळतो.

संयोजकांनी मला ‘पर्यावरण चळवळ आणि विकासाचा पुनर्विचार’ असा विषय दिला आहे. हे शब्द ऐकले की आपल्या मनात हिमालयातील जंगले, नर्मदेचे खोरे किंवा दिल्लीतील मोर्चे येतात. हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे वाटते. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. माझे म्हणणे असे, की या विषयाचा धडा ज्यांनी अंगावर सोसून गिरवला, अशी माणसे शोधायला मराठवाड्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

दोन दुष्काळ

आपल्या ट्रस्टची पायाभरणी झाली, त्या काळात १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ती लाल मिलो ज्वारी आठवत असेल, कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल, खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा आठवत असतील. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. त्या वर्षी घरात धान्य नव्हते. परंतु पुष्कळ गावांतील आडाला पिण्यापुरते पाणी होते.

आता २०१६ साल आठवा. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ होता, बाजारात सर्व वस्तू मिळत होत्या, लोकांच्या खिशात मोबाईल होते, दारात मोटारसायकली होत्या. नव्हते ते पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून त्या वर्षीच्या मार्च महिन्यात लातूरमध्ये प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली.

चव्वेचाळीस वर्षांत आपण धान्याचा दुष्काळ बऱ्याच अंशी जिंकला आणि पाण्याचा दुष्काळ ओढवून घेतला. या दोन तारखांच्या मधल्या काळाला आपण ‘विकास’ म्हणतो. म्हणून त्या विकासाचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे. आपला समाज हिशेबात कच्चा नाही.

जलदूतचा हिशेब

पहिल्या खेपांना गाडीला दहा वाघिणी होत्या. प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एका खेपेला पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली व एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी उतरू लागले. ऑगस्टपर्यंत १११ खेपा झाल्या आणि सुमारे सव्वीस कोटी लिटर पाणी सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून लातूरला आले. रेल्वेचे कर्मचारी, मिरजेचे लोक, ज्यांनी ज्यांनी हे काम केले, त्यांचे उपकार लातूरकर कधी विसरणार नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे तीन लाख ब्याऐंशी हजार होती. आपण ती चार लाख धरू. सव्वीस कोटी लिटर चार लाखांत वाटले तर माणशी साडेसहाशे लिटर होतात. चार महिन्यांत माणशी साडेसहाशे, म्हणजे दिवसाला पाच-साडेपाच लिटर. एका माणसाचे पिणे आणि थोडा स्वयंपाक, एवढेच.

आता हेच पाणी शेताच्या मापाने मोजू. पाटाने पाणी दिलेल्या उसाला एका हंगामात साधारण दोन मीटर उंचीचे पाणी लागते. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळाच्या सगळा उसाच्या खाती जमा धरला, तरी एक मीटर तीस सेंटिमीटर पाणी विहिरीतून, बोअरमधून किंवा कालव्यातून द्यावे लागते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. गुणाकार केला तर हेक्टरी एक कोटी तीस लाख लिटर होतात. आता सव्वीस कोटींना या आकड्याने भागा. उत्तर येते वीस. वीस हेक्टर, म्हणजे पन्नास एकर.

बंधू-भगिनींनो, ज्या गाडीसाठी सारा देश लातूरकडे पाहत होता, तिच्या चार महिन्यांच्या सर्व खेपांचे पाणी पन्नास एकर उसाच्या एका हंगामाला पुरले असते. आणि आपल्या जिल्ह्यात ऊस पन्नास एकर नाही, हजारो हेक्टर आहे. हा आकडा मी प्रथम कागदावर मांडला तेव्हा मला वाटले, कुठे तरी शून्य चुकले असेल. मी तीन वेळा तपासला.

चळवळींनी विचारलेला प्रश्न

पर्यावरणाच्या चळवळी म्हणजे विकासाला विरोध, अशी एक समजूत आहे. त्यांचा इतिहास पाहिला तर तिचा आधार दिसत नाही. १९२१ साली आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. मुंबईसाठी वीज निर्माण करण्याकरिता धरण बांधले जात होते आणि मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. वीज नको असे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे नव्हते. वीज एकाला आणि बुडणे दुसऱ्याला, हा कोणता न्याय, एवढेच ते विचारत होते. धरण झाले, प्रश्न मात्र राहिला.

१९७० च्या दशकात उत्तराखंडातील बायका झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या. जंगल तोडले की झरा आटतो आणि दरड कोसळते, हे त्यांना कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक होते. केरळातील सायलेंट व्हॅलीचा जलविद्युत प्रकल्प लोकांनी व शास्त्रज्ञांनी मिळून थांबवला आणि १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. नर्मदेच्या खोऱ्यात, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी मेधाताई पाटकरांसमवेत वर्षानुवर्षे लढा दिला. धरण थांबले नाही. परंतु विस्थापितांचे पुनर्वसन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे त्या लढ्याने देशाला शिकवले.

या सर्व चळवळींचा आशय एका वाक्यात सांगता येईल: जमेची बाजू वाचून दाखवता, तेव्हा खर्चाचीही वाचा, आणि तो खर्च कोणाच्या खात्यातून गेला तेही सांगा. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खर्च न दाखवता नुसती जमा दाखवणाऱ्या वहीला आपण काय म्हणतो, हे आपणास ठाऊक आहे.

माझ्या घरची गोष्ट

आता थोडे स्वतःबद्दल सांगतो. दुसऱ्यांच्या चुका सांगून व्याख्यान देणे सोपे असते.

आपली भूमी काळ्या पाषाणाची, बेसाल्टची आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. पावसाचे पाणी मुख्यतः मुरमात व खडकाच्या वरच्या झिजलेल्या थरात साठते. दरवर्षी पडणारे आणि दरवर्षी भरून निघणारे हे पाणी म्हणजे व्याज. त्याखाली कठीण खडकातील भेगा-फटींत जे थोडे पाणी असते, ते साठायला फार मोठा काळ लागलेला असतो. ते मुद्दल. आपल्या पूर्वजांचा आड पन्नास-साठ फूट खोल असे आणि तो व्याजावर चाले. उन्हाळ्यात आटला तर पावसाळ्यात पुन्हा भरे. बोअर मुद्दलात हात घालतो. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षे शिकवले.

आणि तरीही २००९ साली मी लातूरला घर बांधले तेव्हा प्रथम बोअर घेतला. दोनशे वीस फुटांवर पाणी लागले. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. २०१३ मध्ये तो आटला. दुसरा घेतला, साडेचारशे फूट. २०१५ मध्ये तिसरा घेतला. आठशे फूट गेल्यावरही वर आला तो नुसता फफुटा. रात्री अकरा वाजता त्या गाडीचा आवाज बंद झाला तेव्हा गल्लीत पसरलेली शांतता मी अजून विसरलो नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध काकू राहत. त्यांच्या परसात सासऱ्यांच्या काळचा आड होता. आमचा दुसरा बोअर झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो आड तळाला गेला आणि नंतर नीट भरलाच नाही. त्या रोज सकाळी घागर घेऊन आमच्या दारात येत. आम्ही त्यांना दोन घागरी पाणी देत असू. माझी पत्नी कधी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवत नसे. आम्हाला मनोमन वाटे, आपल्या हातून पुण्य घडत आहे. मी तर एकदा प्रवचनानंतरच्या चर्चेत जलदानाचे उदाहरण म्हणून ते सांगितलेही होते.

पुढे २०१६ मध्ये टँकरच्या रांगेत उभा असताना, मीच फळ्यावर काढत आलेली आकृती माझ्या डोळ्यांसमोर आली. बोअरची केसिंग मुरमापर्यंतच असते. वरच्या थरातील पाणी फटीफटींतून खाली ओढले जाते. त्या काकूंना आम्ही ज्या दोन घागरी देत होतो, त्या त्यांच्याच आडातल्या होत्या.

आपल्या तिसऱ्या अणुव्रतात अदत्तादान हा शब्द आहे. जे कोणी दिले नाही ते घेणे. मी कायदा मोडला नव्हता; जागा माझी होती, पैसा माझा होता, वीज बिल मी भरत होतो. परंतु भूमीखालचे पाणी सातबाऱ्याच्या रेघा ओळखत नाही. जे मी दान समजत होतो, ते अदत्तादानाची अल्पशी परतफेड होती. काकू आता हयात नाहीत. दर संवत्सरीला मी ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणतो तेव्हा प्रथम त्यांचा चेहरा आठवतो. त्यांना ते प्रत्यक्ष म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

मदतीच्या आधीची पायरी

आपला समाज संकटात धावून जाणारा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ती मुले पुढे आपल्या पायावर उभी राहिली, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. पाणपोया, पांजरपोळ, दुष्काळात चाऱ्याची व टँकरची सोय, यांत आपला समाज मागे नसतो.

किल्लारीने आणखी एक गोष्ट शिकवली. त्या पहाटे बहुतेक माणसे दबली ती जाड दगडी भिंतींखाली व मातीच्या वजनदार माळवदाखाली. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद प्राणघातक ठरले. म्हणून जुने ते सर्व सोने, असे मी म्हणणार नाही. पर्यावरणाचा विचार म्हणजे मागे जाण्याचा हट्ट नव्हे. परंतु भूकंप सांगून येत नाही आणि पाणी मात्र वर्षानुवर्षे सांगून आटते. भूकंपात नंतर धावणे हाच बराचसा मार्ग होता. पाण्याच्या बाबतीत आधी थांबणे शक्य होते.

आपल्या तत्त्वज्ञानात यासाठी नेमके शब्द आहेत. नावेला छिद्र पडले आणि पाणी आत येऊ लागले, हा आस्रव. छिद्र बुजवणे, हा संवर. आत साचलेले पाणी उपसणे, ही निर्जरा. छिद्र तसेच ठेवून आयुष्यभर उपसत राहिलो तर नाव तरत नाही. कर्मासंबंधीचा हा दृष्टांत आपल्या जलसंकटालाही तंतोतंत लागू पडतो. टँकरला देणगी देणे चांगलेच आहे. पण ते उपसणे झाले. संवर केव्हा करणार, हा माझा प्रश्न आहे.

परिमाणाचा विचार

श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ज्या व्यवसायांत फार मोठी हिंसा होते ते श्रावकाने टाळावेत म्हणून. त्यांत वने तोडण्याचा व्यवसाय आहे, जमीन फोडण्याचा आहे, आणि ‘सर-द्रह-तलाव-शोषण’ म्हणजे सरोवरे व तळी शोषून कोरडी करण्याचाही आहे. ज्या काळात मोट आणि रहाट याखेरीज पाणी उपसण्याचे साधन नव्हते, त्या काळात आपल्या आचार्यांना तळे कोरडे करणे हे पाप वाटले. आज एक बटण दाबून आपण ते रोज करतो आणि त्याची आलोचना कोणत्याही प्रतिक्रमणात मनापासून करत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे यांची गणना प्रमादचर्येत केली आहे.

आणखी एक साधी प्रथा पाहा. आपल्या आया-आज्या पाणी गाळत. गाळणे झाल्यावर कपड्यावर राहिलेली जिवाणी त्या गटारात टाकत नसत. ज्या आडाचे पाणी, त्याच आडात सावकाश सोडत. जेथून घेतले तेथे जीव परत पोचवायचा, असा तो नियम होता. बोअरमध्ये जिवाणी परत सोडता येत नाही. दिगंबर परंपरेत मुनिसंघ आला की चौक्यासाठी विहिरीचे पाणी लागते, आणि आता उन्हाळ्यात असे जिवंत पाणी शोधत फिरण्याची वेळ अनेक गावांतील श्रावकांवर येते. धर्म पाळण्यासाठी लागणारे पाणी आपणच आपल्या व्यवहाराने नाहीसे करत आहोत, हे दुःखद असले तरी सत्य आहे.

अपरिग्रहाचा अर्थ आपण बहुधा सोने-नाणे आणि वस्त्रप्रावरणांपुरता घेतो. पाचव्या अणुव्रताचे नाव परिग्रह-परिमाण असे आहे. परिमाण म्हणजे माप. किती घ्यायचे हे घेण्याच्या आधी ठरवायचे. आजच्या विकासाच्या कल्पनेत नेमकी हीच गोष्ट नाही. तेथे जेवढे काढता येईल तेवढे काढणे म्हणजे प्रगती, आणि आठशे फुटांवरून काढलेले पाणीही उत्पन्नाच्या बाजूला लिहिले जाते. मुद्दल मोडून खाणाऱ्या पेढीचे काय होते, हे या सभागृहात मी सांगावे असे नाही.

एकट्याचे व्रत पुरत नाही

येथे एक अडचण आहे. मी एकट्याने बोअर बंद केला तर शेजारचा चालूच राहतो. माझ्या वाट्याचे पाणीही तोच उपसतो. पाण्याचे परिमाण एकट्याने पाळता येत नाही, ते गावाने मिळून पाळावे लागते. पर्यावरण चळवळीची खरी गरज येथे आहे, आणि हे घडू शकते याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक अभियंते व उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. तेथील देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि बांधबंदिस्ती करून ती हिरवी करून दाखवली. मग त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐका: पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, तर घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल, भूमिहीनालाही पाण्यात वाटा असेल, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही, आणि या पाण्यावर ऊस लावता येणार नाही. एका देवस्थानाच्या पडीक जमिनीवर हा विचार रुजला, हे धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो. १९९० च्या सुमारास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे राखली, पाणी अडवले. हे काम पुष्कळ गावांनी केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढच्या पायरीत आहे. त्यांनी शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस-केळीसारखी पिके टाळली, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून, त्यानुसार पिके ठरवली. जमा पाहून खर्च करणारे ते गाव आहे.

आपण काय केले? २०१६ मध्ये लातूरच्या नागरिकांनी लोकवर्गणी काढून मांजरेच्या पात्रातील गाळ काढला. ते काम कौतुकास्पद होते. त्याच वर्षी परतीचा पाऊस भरपूर झाला, मांजरा धरण भरले, आणि पाण्यासोबत आमची आठवणही वाहून गेली. पुन्हा ऊस वाढला, पुन्हा बोअरच्या गाड्या फिरू लागल्या. २०२१ च्या आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर मांजरा-तेरणेच्या पुराने काठची शेते खरवडून नेली. कधी टँकर, कधी पूर; दोन्ही वेळा पाणी जमिनीत थांबले नाही, हे एकच कारण. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगानेही १९९९ मध्ये तुटीच्या खोऱ्यांत अधिक पाणी लागणाऱ्या पिकांना आळा घालण्याचे सुचवले होते. म्हणजे कायदा आहे, शहाणपणाचा सल्ला आहे; मागे उभा राहणारा समाज नाही.

शेतकऱ्याची बाजू

कोणी म्हणेल, शहरात बसून ऊस लावू नका असे सांगणे सोपे आहे. आक्षेप रास्त आहे. उसाला सरकारने बांधून दिलेला किमान दर आहे आणि माल उचलणारा कारखाना आहे. गारपिटीत तूर जाते, अवकाळीत सोयाबीन काळे पडते, ऊस मात्र उभा राहतो. या उसाच्या पैशांवर आपल्या भागातील कित्येक मुले शिकली, घरे उभी राहिली. शेतकऱ्याला दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. त्याला दुसऱ्या पिकात तेवढीच खात्री दिली पाहिजे. निदान असलेला ऊस तरी ठिबकवर आणला पाहिजे.

आणि येथे व्यापारी समाजाची जबाबदारी सुरू होते. लातूरची तूरडाळ देशभर जाते. एकेकाळी आपल्या शिवारात करडई, जवस, भुईमूग आणि रब्बी ज्वारी डोलत असे; ही पिके मुख्यतः पावसावर आणि जमिनीतील ओलीवर येतात. करडई आज शोधावी लागते, कारण तिला गिऱ्हाईक नाही. शेतकरी काय पेरतो हे आडतीवर काय विकले जाते त्यावर ठरते. घाण्याचे करडईचे तेल आपण आपल्या घरात, आपल्या भोजनशाळेत वापरू लागलो, डाळींना आणि ज्वारीला आगाऊ ठरवून दर दिला, तर ते एका मोर्चाइतकेच प्रभावी पर्यावरण कार्य होईल.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

शेवटी ट्रस्टपुढे चार गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली, छपराची. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे पासष्ट हजार लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन जाऊन बावन्न हजार लिटर हाती लागते. अशी पाच हजार घरे पाणी साठवू किंवा मुरवू लागली तर जलदूतने चार महिन्यांत आणले तेवढे पाणी होते. पाऊस निम्माच झाला तर दहा हजार घरे लागतील. ट्रस्टच्या प्रत्येक इमारतीचे छप्पर या पावसाळ्याच्या आत जोडले जावे.

दुसरी, आडाची. मंदिरांच्या व संस्थांच्या आवारातील जुने आड आणि बारवा बुजवू नयेत. गाळ काढून, कठडा बांधून त्या जिवंत कराव्यात. पुढच्या चातुर्मासात चौक्याचे पाणी त्याच आडाचे असावे.

तिसरी, बोअरची. ट्रस्टच्या जागेत यापुढे नवीन बोअर घेणार नाही, असा ठराव विश्वस्त मंडळाने करावा आणि तो या स्मरणिकेत छापावा.

चौथी, ताळेबंदाची. दरवर्षी वार्षिक सभेत पैशाचा ताळेबंद वाचला जातो, त्याच्या पुढच्या पानावर पाण्याचा ताळेबंद असावा: पाऊस किती झाला, आडाची पातळी दिवाळीत किती व अक्षय्य तृतीयेला किती, वापर किती, मुरवले किती. पन्नास वर्षे ज्यांनी एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांना हे जड नाही.

बंधू-भगिनींनो, शताब्दीच्या वेळी आपल्यापैकी बरेच जण येथे नसतील. त्या वेळी जे असतील ते आपली इमारत किती भव्य होती हे विचारणार नाहीत. आवारातल्या आडात डोकावतील आणि पाणी दिसते का ते पाहतील. ते दिसावे, एवढ्यासाठी आज आपण थोडे कमी घेऊया.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर क्षमा असावी. 

जय जिनेंद्र.